एलिशा ओटिस

एलिशा ग्रेव्हज ओटिस (३ ऑगस्ट, १८११ - ८ एप्रिल, १८६१) हे अमेरिकन यंत्रज्ञ व उद्योजक होते. दोर तुटला तरी न कोसळणाऱ्या लिफ्टचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

ओटिस यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील हॅलिफॅक्स येथे झाला. १८५२मध्ये याँकर्स येथील पलंगांच्या कारखान्यात सामान वर नेणाऱ्या पाळण्यासाठी त्यांनी सुरक्षा-खटका तयार केला. दोर ताणलेला असेपर्यंत पाळण्यावरील पोलादी कमान वाकलेली राही. दोर तुटताच ती सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. १८५३मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला, परंतु मागणी अल्प होती. १८५४मध्ये न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंचावरील पाळण्यात स्वतः उभे राहून त्यांनी दोर तोडविला. त्यानंतर मागणी वाढली. १८५७मध्ये ब्रॉडवेवरील एका दुकानात त्यांची पहिली प्रवासी लिफ्ट बसविण्यात आली. घटसर्पाने त्यांचे निधन झाले. पुढे चार्ल्स व नॉर्टन या पुत्रांनी व्यवसाय वाढविला.

वारसा

उचललेला भार केवळ दोरावर वा तेलाच्या दाबावर सोडू नये, हे ओटिस यांच्या रचनेचे मर्म होय. मावळसह महाराष्ट्रभरच्या गॅरेजांत वापरल्या जाणाऱ्या दोन-खांबी वाहन-लिफ्टमध्येही असेच खटके असतात. वाहन उचलल्यावर लिफ्ट किंचित खाली आणून भार दोन्ही खांबांतील खटक्यांवर टेकवावा लागतो. तसे न करता वाहनाखाली गेल्यास, तेलाची नळी फुटताच कारागिराच्या जिवाला धोका उद्भवतो. म्हणून खटके, त्यांच्या स्प्रिंगा व तारदोर यांची नियमित तपासणी आवश्यक असते.