कुसुमावती देशपांडे

नागपूरची गांधीबाग ही कापडाची मोठी पेठ. दुकानांतून ताग्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि गिऱ्हाइकांची घासाघीस दिवसभर चालू असते. अशा पेठेतील एखाद्या दुकानात काम करणाऱ्या मुलाची गोष्ट कल्पावी. ताग्यांच्या थप्पीखाली त्याला पैशांची पिशवी सापडते. घरी आई आजारी असते व औषधाला पैसा नसतो. पिशवी मालकाच्या हाती द्यावी की जवळ ठेवावी, या विचाराने तो रात्रभर तळमळतो. ही गोष्ट कोणी सांगू लागले, तर पुढे काय झाले, हाच प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येतो. परंतु गोष्टीला विचारावयाचा हा एकच प्रश्न नव्हे. गोष्टीला आणखीही प्रश्न विचारण्याची दृष्टी ज्यांनी मराठी वाचकाला दिली, त्यांत कुसुमावती देशपांडे यांचे स्थान फार वरचे आहे.

कुसुमावतीबाईंचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी वऱ्हाडात अमरावती येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव जयवंत. त्या काळी मुलींना चार अक्षरे आली की पुरे, असे पुष्कळांना वाटे. पण कुसुमावतीबाईंची ज्ञानाची ओढ तेवढ्यावर भागणारी नव्हती. पुण्यातील हुजूरपागेच्या शाळेत त्या शिकल्या. नागपूर विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठी त्या समुद्र ओलांडून लंडनला गेल्या. तेथील वेस्टफील्ड महाविद्यालयातून १९२९ साली त्यांनी पदवी संपादन केली. त्याच वर्षी कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

परत आल्यावर १९३१ पासून त्या नागपुरात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागल्या. थोर कादंबऱ्यांचे त्यांचे वाचन विशाल होते. पण परक्या भाषेतील वैभव पाहून आपल्या भाषेला हीन लेखणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. बाहेरून आणलेला दिवा त्यांनी आपल्याच घरातील वस्तू नीट पाहण्यासाठी वापरला.

कथेच्या अभ्यासात काही शब्द वारंवार येतात. प्रसंगांची कार्यकारणाने जुळलेली गुंफण म्हणजे कथानक. ज्यांच्या हातून ते प्रसंग घडतात ती पात्रे, आणि त्यांचे स्वभाव उभे करणे म्हणजे स्वभावचित्रण. ज्या स्थळी व काळी सारे घडते, त्यातून वातावरण निर्माण होते. गोष्ट सांगणारा तो निवेदक. माणसामाणसांतील अथवा एकाच मनातील दोन इच्छांची झुंज म्हणजे संघर्ष. त्या मुलाच्या गोष्टीत गांधीबागेची पेठ हे स्थळ आहे. पिशवी सापडणे हा कथानकाचा आरंभ आहे. आणि आईची माया व प्रामाणिकपणा यांची ओढाताण हा संघर्ष आहे. तीच गोष्ट मुलाने स्वतः सांगितली, तर त्याच्या मनातली भीती कळेल. मालकाने सांगितली, तर ती भीती कदाचित दिसणारही नाही. निवेदक बदलला की गोष्टच बदलते.

मराठी कादंबरीच्या इतिहासातही याची प्रचीती येते. बाबा पदमनजी यांची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यात यमुना प्रवास करते आणि वाटेत विधवांची दुःखे पाहते. हा प्रवासच कथानकाचा धागा आहे. रा. भि. गुंजीकरांच्या १८७१ सालच्या 'मोचनगड' या कादंबरीत शिवकालाचे वातावरण आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते, म्हणून तिचे दुःख वाचकाला आपल्या घरातलेच वाटते.

अशा शंभर वर्षांच्या कादंबऱ्यांचा मागोवा कुसुमावतीबाईंनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात घेतला. त्याचे दोन भाग १९५३ व १९५४ साली प्रसिद्ध झाले. कादंबरी म्हणजे केवळ वेळ घालविण्याचे साधन, असा समज पुष्कळांचा असतो. तीच कादंबरी समाजाचे जीवन समजून घेण्याचे साधन होऊ शकते, ही जाण ठेवून त्यांनी हे मोठे काम पार पाडले.

त्या स्वतःही कथा लिहीत. 'दीपकळी', 'दीपदान' आणि 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह. कथानक म्हणजे काय, हे पुरते ठाऊक असूनही त्यांच्या पुष्कळ कथांत कथानकाचा पसारा नाही. एखादा लहानसा प्रसंग, एखाद्या साध्या माणसाच्या मनातील एखादा क्षण, एवढ्यावर त्यांची कथा उभी राहते. नियम समजून घ्यावेत, पण त्यांचे दास होऊ नये, हेच त्यांच्या कथा सांगतात.

पुढे त्यांनी दिल्लीला आकाशवाणीवर स्त्रिया व मुले यांच्या कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळली. १९६१ साली ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १८७८ साली सुरू झालेल्या या संमेलनाला तोवर एकही स्त्री अध्यक्ष लाभली नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १९५८ साली, मालवण येथे हा मान कवी अनिलांना मिळाला होता. दुर्दैवाने त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, कुसुमावतीबाईंचे निधन झाले. तेव्हा त्यांनी नुकतीच सत्तावन्न वर्षे पूर्ण केली होती.

आपल्या टीकालेखांच्या एका संग्रहाला त्यांनी 'पासंग' असे नाव दिले होते. तराजूची दोन पारडी समतोल करण्यासाठी जे लहानसे वजन ठेवतात, तो पासंग. तो नसेल, तर चांगल्या मालाचेही माप चुकते. वाचकाच्या मनातही असा एक पासंग हवा. तो असला, म्हणजे त्या दुकानातल्या मुलाने पिशवी परत केली की नाही, एवढेच विचारून वाचक थांबत नाही. त्या रात्री त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हेही तो विचारतो. आणि न्याय करण्याआधी समजून घेण्यास शिकतो.