गडकऱ्यांची अखेरची नायिका

सावनेर : नागपूर-छिंदवाडा मार्गावरील सावनेरचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येते ते प्रामुख्याने एका मृत्यूमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकरी यांचे येथे क्षयाने निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. दरवर्षी पुण्यतिथीला ‘एकच प्याला’ची आठवण काढली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र सावनेरच्या मुक्कामात गडकऱ्यांच्या हाती असलेले नाटक वेगळे होते. ते होते ‘भावबंधन’. हे नाटक एका नव्या, निर्धन नाटक मंडळीसाठी होते आणि त्या मंडळीची सारी भिस्त सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाच्या गळ्यावर होती. त्या मुलाचे नाव दीनानाथ मंगेशकर.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. शालेय शिक्षण पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पण पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. उदरनिर्वाहासाठी त्यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी धरली. काम होते मंडळीतील लहान मुलांना शिकविण्याचे. पुढे ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहून त्यांनी कीर्ती मिळविली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरुस्थानी मानले, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने मुलांच्या मास्तरकीकडे चरित्रकारांचे लक्ष कमी जाते. वास्तविक नट घडतो कसा, त्याच्यावाचून मंडळी अडते कशी, हे गडकऱ्यांनी पाहिले ते याच नोकरीत.

त्या काळची संगीत नाटक मंडळी हा मोठा संसार होता. पडदे, पोशाख, साथीदार, आचारी, वाढपी असा साठ-सत्तर माणसांचा तांडा घेऊन गावोगाव मुक्काम करावा लागे. तिकीट विकले जाई ते मात्र बहुधा एका नावावर. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर हे ते नाव होते. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मंडळीचे तेज उतरले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, आले तेव्हा ते परतले. १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी मंडळीचे आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. जुन्या मंडळीपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : आता कोणाच्या नावावर खेळ लावायचा?

उत्तर गोव्यातून आले. २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशी येथे जन्मलेले दीनानाथ १९१४ च्या सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतबाहेर, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. आवाज उंच, धारदार आणि तान वेगवान. बालगंधर्वांच्या मुलायम गायकीपेक्षा हे रसायन सर्वस्वी निराळे होते. १९१६ मध्ये याच मंडळीने गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आणले. लेखक आणि गायक नट अशा रीतीने एकाच छपराखाली आले.

१९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि बळवंत संगीत मंडळी काढली. हे धाडस होते, असे म्हणणेही सौम्य ठरावे. प्रस्थापित मंडळीजवळ नाटके होती, पडदे होते, प्रेक्षकांची सवय होती. नव्यांजवळ एक विलक्षण गळा होता आणि गळ्याचा भरवसा कोण देणार? स्त्री-भूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला, अंगलट बदलली, की वर्षानुवर्षांची पुंजी एका हंगामात संपण्याची भीती असे. गंधर्व मंडळीतील बालगंधर्व त्या वेळी तिशीचे, कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांच्याशी केवळ गाण्याने झुंजणे शक्य नव्हते. बळवंत मंडळीला हवे होते स्वतःचे, कोणी न केलेले नाटक. आणि तेही असे, की ज्यात दीनानाथांचे तेज दिसेल व बाकीचे नट केवळ पदांच्या मधली जागा भरणारे ठरणार नाहीत.

गडकऱ्यांनी हे नाटक देण्याचे मान्य केले. ‘एकच प्याला’ तोवर लिहून झाले होते आणि ते गंधर्व मंडळीकडे गेले होते. त्यातील पदेही गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सर्वांत नामवंत मंडळी आपले नाटक करणार हे ठरलेले असताना, आजारी लेखकाने उरलेली शक्ती एका अननुभवी मंडळीसाठी खर्च करावी, ही गोष्ट साधी नव्हे.

‘भावबंधन’ची रचना त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लतिका ही सिंधूची बहीण नाही. सिंधू सोसते, लतिका आरंभी गर्विष्ठ, थट्टेखोर, दुसऱ्याच्या दारिद्र्याला आणि रूपाला हसणारी आहे. दीनानाथांच्या आक्रमक गायकीला शोभणारी अशी ही नायिका होती. बालगंधर्वांची उतरलेली वस्त्रे गडकऱ्यांनी या मुलाच्या अंगावर चढविली नाहीत. त्याच वेळी नाटकाचे खरे इंजिन त्यांनी नायिकेच्या हाती दिलेच नाही. ते दिले घनश्यामच्या हाती. अपमानाने पेटलेला, बुद्धिमान, सूडासाठी साऱ्यांना वेठीस धरणारा हा खलपुरुष गात नाही, बोलतो. ही भूमिका चिंतामणराव कोल्हटकरांनी केली आणि ती त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. शिवाय धुंडिराज आहे, कामण्णा आहे. प्रत्येकाला टाळी घेण्याची जागा आहे. गडकऱ्यांच्या भाषेवर पल्लेदारपणाचा, कोटिबाजपणाचा आक्षेप घेतला जातो आणि वाचताना तो काही अंशी पटतोही. परंतु ती लांब वाक्ये रंगमंचावर गद्य नटाच्या पदरात पडलेली पदेच होती, हे विसरून चालणार नाही. गायक नटाचा घसा बसलेल्या रात्रीही खेळ उभा राहावा, एवढे बळ त्यांत होते.

आजार बळावल्यावर गडकरी विश्रांतीसाठी सावनेरला बंधूंकडे आले. विश्रांती नावापुरतीच होती. ‘राजसंन्यास’ अपुरे होते, ‘वेड्यांचा बाजार’ अपुरे होते. संभाजी महाराजांवरील ‘राजसंन्यास’ हा त्यांचा आवडता संकल्प. तो बाजूला राहिला आणि पूर्ण झाले ते ‘भावबंधन’. अखेरच्या दिवसांत कोणते काम हातावेगळे करायचे याची निवड करावी लागली, तेव्हा शब्द दिलेले नाटक आधी आले. रसिकांचे त्यात नुकसान झाले की लाभ, यावर मतभेद होऊ शकतात. बळवंत मंडळीच्या दृष्टीने मात्र तो जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

गडकऱ्यांच्या निधनानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात गंधर्व मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. तो लेखकाने पाहिला नाही. ‘भावबंधन’ही त्यांच्यामागेच रंगभूमीवर आले आणि बळवंत मंडळीचे हुकमी नाटक ठरले. ज्या मंडळीला एका मुलाच्या आवाजापलीकडे भांडवल नव्हते, ती त्यानंतर दीड दशक तग धरून राहिली. दीनानाथ स्त्री-भूमिकांतून पुरुष-भूमिकांकडे वळले. ‘मानापमान’मधील त्यांचा धैर्यधर गाजला. पुढे बोलपटांची लाट आली. बळवंत पिक्चर्सने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. पण त्या व्यवसायात मंडळीचे सर्वस्व गेले. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे पुण्यात निधन झाले, तेही एक्केचाळिसाव्या वर्षी.

चिंतामणरावांनी हा सारा काळ ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला. त्या ग्रंथाला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दीनानाथांच्या घरात ‘भावबंधन’ची खूण निराळ्या रीतीने राहिली. १९२९ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलीचे पाळण्यातले नाव हेमा होते. ते बदलून पुढे तिला लता म्हणू लागले, ते ‘भावबंधन’मधील लतिकेवरून.