सुरबानाना टिपणीस

सह्याद्रीवरून उतरणारी सावित्री नदी पोलादपूरला वळसा घालून महाडास येते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील हे महाड व्यापाराचे गाव होते. आसपासच्या डोंगराळ मुलखातील लोक बाजारासाठी व कचेरीच्या कामासाठी येथे येत. गावाच्या मध्यभागी चवदार तळे आहे. त्यावर कोणीही पाणी भरावे, गुरांनीही प्यावे. परंतु ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत, त्यांनी मात्र त्या पाण्यास शिवू नये, असा गावाचा दंडक होता. हा दंडक मोडू पाहणाऱ्या सवर्णांत महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे प्रमुख होते. लोक त्यांना सुरबानाना म्हणत.

नगरपालिकेचा अध्यक्ष म्हणजे गावचा राजा नव्हे. तो सभा चालवितो, झालेल्या ठरावांची अंमलबजावणी पाहतो. तो नसेल तेव्हा उपाध्यक्ष त्याचे काम पाहतो. परंतु ठराव व्हावयाचा तो सभासदांच्या बहुमताने. म्हणून ज्या अध्यक्षास लोकांना न रुचणारे काही करावयाचे असेल, त्याला प्रथम आपल्याच सहकाऱ्यांची मने वळवावी लागतात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही स्थळे अस्पृश्यांस खुली असावीत, असा त्याचा आशय होता. कित्येक ठिकाणी तो कागदावरच राहिला. महाडच्या नगरपालिकेने मात्र ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. तरीही तीन वर्षे कोणी तळ्यावर गेले नाही. गावाच्या रोषापुढे ठरावाचे बळ अपुरे होते.

मार्च १९२७ मध्ये महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. रामचंद्र मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना यांनी तिला साहाय्य केले. २० मार्चला हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे १०८ घागरींनी तळ्याचे तथाकथित शुद्धीकरणही झाले! माणसाच्या स्पर्शाने विटाळलेले पाणी शेणागोमूत्राने शुद्ध होते, ही समजूत आज वाचताना अचंबा वाटतो.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सभेने केलेले सभेनेच पुसून टाकले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचे सांगून न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला आणि वाद कोर्टात गेला.

सुरबानाना मात्र मागे फिरले नाहीत. आपल्या जातीच्या लोकांत राहूनच त्यांना रोजचा व्यवहार करावयाचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांचे धैर्य कळते. पुढे ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षात गेले. कोकणातील खोतांच्या जाचाखाली पिचणाऱ्या कुळांची बाजू या पक्षाने घेतली होती. १९३७ च्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्यातून ते मुंबई विधानसभेवर निवडून आले.

त्याच वर्षी १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल दिला. तळे खाजगी नसून नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्या ओंजळभर पाण्याला दहा वर्षे पुरी होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.