सोलापूरचे डॉक्टर, चीनचे सोयरे

आमच्या शिरूर अनंतपाळच्या बाजूने निघून धाराशिव जिल्हा ओलांडला म्हणजे सोलापूर लागते. कोणी कामधंद्यासाठी, कोणी दवाखान्यासाठी, असे आपले लोक तेथे नित्य जात असतात. त्या शहरात भैया चौकात एक जुने घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्या घरच्या मुलाची समाधी मात्र सोलापुरात नाही. ती हजारो कोस दूर, उत्तर चीनमध्ये आहे. परमुलखात गेलेला मनुष्य तेथील लोकांस आपला कसा वाटू लागतो, हे त्याच्या चरित्रावरून कळते. म्हणून ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यम स्थितीचे, भावंडे पुष्कळ. अशा घरातून एक मुलगा मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन निघाला, तेव्हा वडिलांच्या मनात कोणत्या आशा उभ्या राहिल्या असतील, हे ज्यांनी कर्ज काढून मुले शिकविली आहेत त्यांस सांगावयास नको.

इकडे १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली, आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांपुढे झोळी पसरली. हिंदुस्थान तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरी त्याने दुसऱ्याच्या संकटासाठी पैसा उभा केला आणि पाच डॉक्टर दिले. अटल हे प्रमुख, नागपूरचे वृद्ध डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी ही मंडळी मुंबईहून जहाजात बसली. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते.

चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही जणांस चिनी नावे मिळाली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन असा आहे. कोटणीस हे 'को तिहुआ' झाले. परंतु नाव मिळाल्याने मनुष्य आपला होत नाही. त्याची परीक्षा पुढे व्हावयाची होती.

ती लवकरच झाली. चीनमध्ये असतानाच त्यांस वडील वारल्याची वार्ता कळली. घरी आई, भावंडे, आणि कमावता मुलगा परदेशी! परत जावे, असे सोबत्यांनी सुचविले. आपल्या रीतीप्रमाणे पाहता परतणे हाच पुत्रधर्म होता, आणि कोणीही त्यांस दोष दिला नसता. तथापि ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनान येथे पोहोचले व तेथून पुढे लढाईच्या मुलखात गेले. त्यांचे हे करणे योग्य झाले की नाही, याचा निर्णय आम्ही करीत नाही. परंतु त्याची किंमत त्यांच्या आईने भरली, हे विसरता कामा नये.

डोंगराळ मुलखातील त्या खेड्यांत औषधांची टंचाई, रात्रीची कूच, मातीची घरे, आणि जेवावयास बहुधा राळे; तेच राळे, जे आपल्याकडेही पूर्वी घरोघरी शिजत असे. कोटणीसांनी ते अन्न गोड मानून घेतले. त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यांनी चिनी भाषा नेटाने शिकून घेतली. इतकी की पुढे ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवू लागले व तिच्यात पाठ्यपुस्तकही लिहू लागले. दुभाष्याच्या तोंडून रोग्याचे दुखणे कळते, पण त्याचे मन कळत नाही.

१९४० च्या शरदऋतूतील मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले. त्यांपैकी साडेपाचशेहून अधिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि एकदा तर सलग तीन दिवस व तीन रात्री डोळ्यास डोळा लागू दिला नाही. त्याआधी त्याच मुलखात कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून काम करीत असत. ते एका प्रेसबिटेरियन पाळकाचे पुत्र. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष रक्तात भिनले, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. पथकाची ठरलेली मुदत केव्हाच संपली होती व सोबती एकेक करून परतू लागले होते, कोटणीस राहिले.

त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंगलान या चिनी बाईंशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन. त्याच साली ते तेथील कम्युनिस्ट पक्षात सामील झाले. हे आम्ही लपवीत नाही. ते आपल्या धर्माचे नव्हते, आणि त्यांचा राजकीय मार्गही आपल्यापैकी अनेकांचा नव्हे. परंतु वाटेत जखमी पडलेल्याजवळ कोण थांबला, असे विचारणाऱ्या दृष्टांताची आठवण त्यांचे चरित्र वाचताना आम्हांस वारंवार होते.

पुढे त्यांस अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हेपेई प्रांतातील एका खेड्यात त्यांचा अंत झाला. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर बोलपट काढला. १९६२ साली हिंदुस्थान व चीन यांच्यात युद्ध झाले. त्यानंतरही, १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांच्या नावे टपालतिकीट काढले. त्यांचा मुलगा तारुण्यातच, १९६७ साली वारला. पत्नी २०१२ पर्यंत हयात होत्या. चिनी लोकांत वसंतऋतूत छिंगमिंग नावाचा सण असतो. त्या दिवशी लोक वाडवडिलांच्या थडग्यांवर जाऊन ती झाडून स्वच्छ करतात व फुले वाहतात. शिच्याच्वांग शहरातील कोटणीसांच्या समाधीवरही त्या सणास लोक फुले वाहतात. वाडवडिलांचा मान त्यांनी सोलापूरच्या या मुलास दिला आहे.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांस कामानिमित्त परक्या वस्तीत, परक्या बोलीच्या लोकांत जावे लागते. तेथे आपण आपली भाकरी वेगळी बांधून नेतो, की त्यांच्या पंक्तीस बसतो? त्यांची बोली शिकतो, की त्यांनी आपली शिकावी अशी वाट पाहतो? कोटणीसांस चीनने जे नाव दिले ते त्यांनी चार वर्षे राबून आपले केले. त्या नावाने त्यांस ओळखणारे लोक आजही तेथे आहेत.