माता रमाबाई आंबेडकर

मातृत्वाची थोरवी आपल्या संतांनी आणि कवींनी मुक्तकंठाने गाइली आहे. परंतु ज्या मातेच्या घरी दोन वेळा चूल पेटण्याचीही शाश्वती नाही, तिने ते थोर मातृपद कोणत्या बळावर सांभाळावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळील वणंद गावी एका गरीब अस्पृश्य कुटुंबात झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून संसार चालवीत. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले आणि ही पोरकी भावंडे नातलगांच्या आधाराने मुंबईस आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यानंतर, तेथल्याच छपराखाली रमाबाईंचा विवाह भीमरावांशी झाला. त्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

१९१२ साली पुत्र यशवंत जन्मास आला. पुढील वर्षी सासरे रामजी सुभेदार निवर्तले आणि त्याच वर्षी भीमराव बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले. ते १९१७ मध्ये परतले. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. पतीच्या ज्ञानसाधनेत खंड पडू नये म्हणून परळच्या चाळीत रमाबाईंनी अर्धपोटी दिवस काढले, शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, आणि घरातील ओढाताण त्यांच्या कानी जाऊ दिली नाही.

या दारिद्र्याहूनही दारुण असे दुःख त्यांच्या वाट्यास आले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये एकामागून एक काळाने ओढून नेली. लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला, तेव्हा मातापित्यांच्या शोकास पारावार उरला नाही. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंतच वाचला. या मातेच्या मायेत उणे काय होते? उणे होते ते अन्न, औषध आणि निवारा. आणि ते उणेपण समाजाने तिच्यावर लादलेले होते.

असे भोग केवळ आपल्याच देशातील मातांच्या वाट्यास आले असे नाही. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रूथ या कृष्णवर्णीय मातेचा मुलगा दूर अलाबामात विकला गेला होता. तिने न्यायालयाची पायरी चढून १८२८ मध्ये त्याला परत मिळविले. जातीने असो वा वर्णाने, ज्यांना हीन लेखले गेले त्यांच्या घरी आईपण हाच एक लढा होता.

रमाबाईंची पंढरपूरला जाण्याची फार इच्छा होती. परंतु जेथे अस्पृश्यांना मंदिराबाहेरच उभे राहावे लागे, तेथे जाण्यास बाबासाहेबांचे मन घेईना. ती इच्छा अपुरीच राहिली. पुढे दादरला राजगृह उभे राहिले. पण ते सुख उपभोगण्यास शरीर उरले नव्हते. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

राजरत्नाच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात आर्थिक लाभासह विश्रांती मिळावी या विधेयकाचा पुरस्कार केला. पुढे मजूर खात्याचे सभासद असताना, १९४३ मध्ये, खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्याची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. आपल्या छिंदवाडा भागातील कोळशाच्या खाणींचे स्मरण असणाऱ्यांस या कायद्याचे मोल निराळे सांगावयास नको.

विद्यार्थी मित्रहो, रमाबाईंच्या त्यागापुढे आपले मस्तक नम्र होते, ते योग्यच आहे. परंतु केवळ त्यागाचे गोडवे गाऊन त्यांचे ऋण फिटणार नाही. तिगावच्या परिसरात आजही कित्येक माता तान्ह्या बाळाला घरी ठेवून कापूस वेचावयास आणि संत्र्यांच्या बागांत मजुरीस जातात. त्यांच्यापैकी एकीवरही रमाबाईंसारखा आघात सोसण्याची वेळ येऊ नये, यासाठी झटणे हीच त्या माउलीला खरी आदरांजली होय.