सायकलवाले लक्ष्मणराव



मागच्या महिन्यात आमची गाडी उजवीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग जरा सैल सोडले की स्वारी निघाली शेजारच्या लेनमध्ये! गॅरेजमध्ये मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, चारही चाकांना सेन्सर लावले, खाली वाकून टाय-रॉड थोडासा फिरवला आणि तासाभरात गाडी सरळ चालू लागली. मुलीने विचारले, त्याने नक्की केले काय? आमच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण गेली वीस वर्षे आम्ही फक्त कीबोर्ड बडवला आहे. टो, कॅम्बर, कॅस्टर हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. उत्तर नीट देता येईना.

मग घरी येऊन तिची सायकल उलटी केली. चाक फिरवले आणि रिमजवळ खडू धरला. जिथे खडू लागला, तिथे रिम त्या बाजूला सरकलेली. तिथल्या विरुद्ध बाजूच्या स्पोकचे निपल पाव फेरा आवळायचे, पुन्हा चाक फिरवायचे, पुन्हा खडू धरायचा. लहानपणी गावच्या सायकलवाल्याकडे याला आऊट काढणे म्हणत. घाई केली की चाक होते त्याहून वाकडे होते, हे आम्ही त्या दुपारी स्वतः करून पाहिले. पुढचा चिमटा तिरका का असतो, हेही तिला दाखवले. त्या तिरकेपणामुळे चाक हँडलच्या रेषेमागून ओढले जाते आणि वेग आला की आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीचा कॅस्टर म्हणजे हेच. आमच्या पदवीपेक्षा त्या सायकलने जास्त समजावले.

तेव्हा आम्हाला लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर आठवले. त्यांचा सारा उद्योग सायकलपासूनच सुरू झाला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, दोघांची गल्लत करू नये.) वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र चित्रे काढण्याचा आणि यंत्रे उघडून बघण्याचा नाद. १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. दोनेक वर्षांत लक्षात आले की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा चित्रकार कसा व्हायचा? रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. तो यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. पगार महिना ४५ रुपये. तिथल्या कार्यशाळेत जे पाहायला मिळाले, ते सारे त्याने शिकून घेतले.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली आणि तिने त्यांना वेडच लावले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलचे दुकान निघाले. पाटी लागली किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, दुरुस्त करायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये आणि शिकवणीचे १५ रुपये, असे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते. आता हिशेब करा. मास्तरांच्या ४५ रुपये पगारात सर्वांत स्वस्त सायकल घ्यायलाही पंधरा महिन्यांहून अधिक पगार लागला असता! आणि नुसती शिकवणी म्हणजे महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना मिळाली नाही. एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. पालकांपैकी काहींना हा अनुभव ओळखीचा वाटेल. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. बांधलेला पगार सोडून दुकानात हात काळे करणे, हे त्या काळच्या पांढरपेशा घरात काय वाटले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो. आमच्या मुलीने उद्या मेकॅनिक व्हायचे म्हटले तर आमच्याच घरात काय होईल, हे आम्ही इथे लिहीत नाही.

सायकलींच्या धंद्यात पुढे इतरही लोक उतरले. मग लक्ष्मणरावांनी कडबा कापायचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. पहिला नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! दोन वर्षे दारात पडलेला माल रोज बघायचा आणि तरीही तो करत राहायचे.

इथे अमेरिकेची एक गंमत सांगतो. ओहायोतल्या डेटन गावी राईट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले. विल्बरचा जन्म १८६७ चा, ऑरव्हिलचा १८७१ चा. आपले लक्ष्मणराव बरोबर मधले. आणि किर्लोस्करांचा नांगर निघाला त्याच १९०३ च्या डिसेंबरात राईट बंधूंचे विमान उडाले. सायकल वळताना कशी झुकते, हे त्यांना चांगले ठाऊक होते आणि विमान वळवताना त्यांना ते उपयोगी पडले.

बेळगावात कारखाना रुळतो आहे तोच नगरपालिकेला वस्ती वाढवायला ती जागा हवी झाली. आता यंत्रे घेऊन जायचे कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंग आणि साप यांचे राज्य! १९१० मध्ये मोजकी कुटुंबे तिथे राहायला गेली आणि किर्लोस्करवाडी वसली. वाडीत शिवाशिवीला बंदी होती. रात्रीच्या राखणीला तुरुंगातून सुटलेली माणसे ठेवली होती. यंत्राचा आऊट काढणारे पुष्कळ असतात. माणसांवर असा विश्वास टाकायला वेगळे धैर्य लागते, असे आम्हाला वाटते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केल्याचे सांगितले जाते.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.त शिकले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परत वाडीला गेले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. भारतात गेलात तर पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. पूर्वीचे कुंडल रोड ते हेच. खिडकीशी बसा.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये आम्ही आऊट काढून दाखवणार आहोत. ज्यांची चाके डुगडुगतात, त्यांनी सायकली घेऊन याव्यात. खडू वर्गातला वापरू. स्पोकचा पाना मात्र आमच्याकडे एकच आहे, तेव्हा असल्यास आपापला आणावा.