खोलीखोलीला हवी तेवढीच ऊब

मोठ्या इमारतींतील तापमान-नियंत्रणाचा पाया घालणारे अमेरिकी संशोधक वॉरन जॉन्सन (१८४७-१९११) मूळचे शिक्षक. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे ते शिकवीत असत. तेथे शिपाई वर्गावर्गात जाऊन तापमान पाही आणि मग तळघरातील झडपा कमी-जास्त करी. तोवर मुले कुडकुडत किंवा घामाघूम होत. जॉन्सन यांनी तळघरात घंटा वाजवून इशारा देणारा विद्युत थर्मोस्टॅट बनविला. त्याचे पेटंट १८८३ मध्ये मिळाले. तरीही झडप फिरवायला माणूस लागेच. १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकीत कंपनी स्थापन केली. दाबाखालील हवेच्या साह्याने प्रत्येक खोलीचे तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचे पेटंट त्यांना १८९५ मध्ये लाभले. गरजेपुरतीच उष्णता, हे तत्त्व आजही कार्यालयांतील ऊर्जाबचतीचा आधार आहे.